विचित्र कीं अजब?

गेल्या वैशाखांत नागपूरच्या महालांतील आमच्या वाड्यांत पुण्याची सून आली. दुसऱ्याच दिवशीं सासूबाईंनीं तिला सांगितलें, "सूनबाई, वरणावर घालायला थोडा सांभार आण बरें." बिचारी स्वयंपाकघरांत एकेका भांड्याचें झांकण उघडून पाहत राहिली, कारण तिच्या माहेरीं सांबार म्हणजे इडलीबरोबर खावयाची आमटी! विदर्भांत कोथिंबिरीसच सांभार म्हणतात, हें तिला कोणीं सांगितलें होतें? तेवढ्यांत माजघरांतून उद्गार आला, "विचित्रच दिसते मुलगी!" सगळीं हसलीं, सूनबाईचें तोंड मात्र उतरलें.

त्या एका शब्दानें मी विचारांत पडलों. संस्कृतांत 'विचित्र' म्हणजे नाना रंगांनीं नटलेलें. महाभारतांतील विचित्रवीर्य राजाला तें नांव कोणीं कुचेष्टेनें खास दिलें नसेल! पण मोराच्या पिसाऱ्याला शोभणारें हें विशेषण मराठीच्या रोजच्या व्यवहारांत आलें आणि त्याला नापसंतीची कड लागली. 'विलक्षण' हा शब्दही मूळचा 'वेगळ्या लक्षणांचें' एवढेंच सांगतो. तरी एखाद्याची बुद्धि विलक्षण म्हटली तर तो सुखावतो, विचित्र म्हटली तर दुखावतो. वेगळेपण तेंच, बोलणाऱ्याचें मन मात्र शब्दांतून कळतें.

आम्हां नागपूरकरांच्या तोंडीं याच जातीचा आणखी एक शब्द आहे. १८६३ सालीं स्थापन झालेलें येथील मध्यवर्ती संग्रहालय लोक अजूनही 'अजब बंगला' म्हणून ओळखतात. 'अजब' हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याच्या पोटांत भाव आश्चर्याचा. तेथील शिलालेख, जुनीं शस्त्रें, पेंढा भरलेले पशुपक्षी आपल्या ओळखीचे नसतात. पण म्हणून कोणी तोंड फिरवीत नाहीं. आपण मुलांना कडेवर घेऊन तीं दाखवितों, त्यांचीं नांवें विचारतों.

घरांत आलेल्या नव्या माणसाला एवढाही मान मिळूं नये काय?

सुदैवानें सासूबाईंच्या तें लक्षांत आलें. सायंकाळीं सुनेला जवळ बसवून त्या म्हणाल्या, "आमचें आणखी काय काय तुला नवें वाटतें ग?" ती भीतभीत म्हणाली, "आपण 'काय करून राहिलीस?' विचारतां, तेव्हां काम झालें समजावें कीं चाललें आहे?" पुन्हा हंशा पिकला, या वेळीं तींत सूनबाईही होती.

तेव्हां 'विचित्र' हा शब्द ओठांवर येण्यापूर्वीं एखादा प्रश्न विचारून पाहावा. बहुधा त्या शब्दाची गरजच उरत नाहीं.