रात्रीची परेड : अस्वस्थ पायांविषयी

मी लखनौहून बोलतोय. लष्करातून निवृत्त झालो आणि इथेच राहिलो. आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. पण ज्याला हा त्रास आहे, त्याला येणार नाही. विषय आहे, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की स्वस्थ न राहणारे पाय.

माझं असं व्हायचं. दिवसभर काही नाही. रात्री दहाला रजईत शिरलो की पंधरा-वीस मिनिटांत पोटऱ्यांमध्ये आतून काहीतरी वळवळायला लागायचं. दुखणं म्हणावं तर दुखत नव्हतं, मुंग्या म्हणाव्यात तर मुंग्याही नव्हत्या. पाय हलवावेत अशी अनावर इच्छा व्हायची. हलवले की बरं वाटायचं, थांबलं की पुन्हा सुरू. मग उठायचं आणि व्हरांड्यात येरझाऱ्या घालायच्या. जानेवारीचं धुकं, रात्रीचे दोन, आणि कॉलनीचा चौकीदार विचारायचा, "कर्नल साहब, आज फिर ड्यूटी?"

डोळा लागला तरी पाय झोपेत झटके देत असत. ते मला कळायचं नाही, पण आमच्या सौभाग्यवतींना कळायचं. "अहो, तुमचे पाय रात्रभर परेड करतात," असं म्हणून ती एक दिवस दुसऱ्या खोलीत झोपायला गेली. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर.

मी कुणाला काही सांगितलं नाही. फौजेत आम्हाला सहन करायला शिकवतात, आणि 'माझे पाय वळवळतात' हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटत होती. झोप येत नाही म्हणून कधी रमचा पेग घेतला, कधी गुंगी आणणारी सर्दीची गोळी. दोन्हींनी त्रास वाढला. असं का झालं, ते पुढे सांगतो.

या त्रासाला 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम' म्हणतात. इंग्लंडमधले वैद्य थॉमस विलिस यांनी 1672 साली त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. 1945 मध्ये स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी त्याचा नीट अभ्यास मांडला आणि हे नाव रूढ केलं. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत.

ओळखायच्या खुणा चार. पाय हलवण्याची अनावर इच्छा होते. बसलं किंवा पडलं की ती सुरू होते किंवा वाढते. चाललं, ताणलं की निदान तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आणि त्रास संध्याकाळी व रात्री जास्त असतो. पोटरीत गोळा येतो ते वेगळं. त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि कळ येते. मधुमेहातली तळपायांची आग चालल्याने थांबत नाही. चालताना पोटरी दुखते आणि थांबल्यावर राहते, तेव्हा रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. एकच पाय सुजला, लाल झाला, दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता कारण. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन हालचालींवर नियंत्रण ठेवतं. ते तयार व्हायला लोह लागतं. मेंदूला लोह कमी पडलं की या व्यवस्थेत गडबड होते, आणि डोपामिनचा जोर रात्री तसाही कमी असतो. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात हा त्रास जास्त दिसतो. तो घराण्यातूनही येतो. साताऱ्याकडची आमची आजी रात्री नऊवारीच्या जुन्या धडप्याने पोटऱ्या आवळून झोपायची आणि आम्हा नातवंडांना पायांवर उभं करायची. आम्हाला वाटायचं, आजी कामाने थकली.

शेवटी सौभाग्यवतींनीच मला मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेलं. मी म्हणालो, "रक्त ठीक आहे, हिमोग्लोबिन तेरा आहे." डॉक्टर म्हणाले, "हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे. मला बँकेतली शिल्लक बघायची आहे." त्या शिल्लकेचं नाव फेरिटिन. माझं निघालं 28. प्रयोगशाळेच्या कागदावर ते 'नॉर्मल'च्या रकान्यात होतं. पण या आजारात प्रौढांचं फेरिटिन 75 किंवा त्याखाली असेल, तर लोह देण्याचा विचार करतात. शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन खोटंच जास्त दिसतं, म्हणून लोहाच्या इतर तपासण्याही सोबत करतात.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला : "साठी उलटलेल्या पुरुषाचं लोह जातंय कुठे?" गुडघ्यांसाठी मी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खात होतो. दुर्बिणीने पाहिलं तर जठरात व्रण. तिथून थोडं थोडं रक्त जात होतं, मला पत्ताच नव्हता. आतड्याचीही तपासणी झाली, कारण या वयात लोह कमी होण्यामागे कर्करोगही असू शकतो. सुदैवाने तो नव्हता. पाय वळवळले म्हणून व्रण सापडला, नाहीतर एखाद्या रात्री रक्ताची उलटी झाल्यावर कळलं असतं.

उपचार साधेच झाले. त्या वेदनाशामक गोळ्या बंद, व्रणावर औषध, आणि लोहाची गोळी रिकाम्या पोटी लिंबूपाण्यासोबत. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. पण लोह स्वतःच्या मनाने सुरू करू नका. शरीरात जास्त झालेलं लोहही घातक असतं.

सर्दीच्या आणि झोपेच्या म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड आणि नैराश्यावरची काही औषधं हा त्रास वाढवतात. डॉक्टरांना यादी दाखवा, परस्पर काही बंद करू नका. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या सुरुवातीला जादूसारख्या वाटतात; पण काही महिन्यांनी-वर्षांनी त्रास दुपारपासूनच सुरू होऊ शकतो, हातांतही येऊ शकतो. त्यामुळे आता तज्ज्ञ त्या सहसा आधी देत नाहीत; गरज पडली तर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांचा विचार करतात. त्यांनी चक्कर येऊ शकते, म्हणून आपल्या वयात जपून.

घरी मी काय करतो? दुपारनंतर चहा-कॉफी नाही, रम नाही. संध्याकाळी अर्धा तास चालणं, झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणणं, गरम पाण्यात पाय. बसून राहावं लागलं तर शब्दकोडं; मन गुंतलं की पाय थोडे विसरतात. पुष्पक एक्सप्रेसने मुंबईला निघालो की खालचा बर्थ घेतो, उठून फेऱ्या मारता येतात.

सहा महिन्यांत फेरिटिन 80च्या वर गेलं. त्रास पूर्ण गेला नाही. पूर्वी रोज होता, आता आठवड्यातून एखादी रात्र. चौकीदार विचारतो, "साहब, तबीयत तो ठीक है? दिखते नहीं." आणि सौभाग्यवती आपल्या खोलीत परत आल्या आहेत.

तेव्हा मंडळी, सहन करत बसू नका. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : माझं फेरिटिन किती आहे? आणि कमी असेल, तर का? पुढच्या भागात भेटू. जय हिंद.