जुने नाव, नवा मजला

मेहरूण तलावाच्या काठी कोणी तुम्हांला विचारले, "नाव कुठे आहे?" तर काय समजाल? उर्दूत 'नाव' म्हणजे होडी. मराठीत होडीलाही नाव म्हणतात आणि माणसाच्या नामालाही. 'नाव पाहिली' म्हटले की होडी, 'नाव वाचले' म्हटले की नाम. संदर्भ असला की आपण अर्थ लावतो. पण नावच खोटे सांगत असेल तर?

संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी जी आज्ञावली चालते, तिला 'बूट'ची आज्ञावली म्हणतात. त्या वेळी संगणक पुरता जागा झालेला नसतो. चूक झाली तर बहुतेक वेळा पडद्यावर सूचनाही येत नाही. तो गप्प बसतो किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणून ही आज्ञावली नीट वाचून तपासावी लागते, आणि वाचणाऱ्याला आधार असतो तो नावांचाच.

'लिनक्स' ही संगणक चालवणारी प्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली. तिच्या बूट-आज्ञावलीत 'इनिट लेव्हल ४ पीजीटी' असे एक नाव होते. मेमरीतील जागा शोधण्यासाठी संगणक तक्ते वापरतो. एक तक्ता दुसऱ्याचा पत्ता सांगतो, दुसरा तिसऱ्याचा. अशा चार पातळ्या होत्या आणि प्रत्येक तक्त्यात ५१२ नोंदी. वरील नाव सर्वांत वरच्या, म्हणजे चौथ्या पातळीच्या तक्त्याचे होते.

पुढे इंटेल कंपनीने पाच पातळ्यांची रचना आणली. पत्ता ४८ बिटांचा होता, तो ५७ बिटांचा झाला. आता सर्वांत वरची पातळी पाचवी, आणि तक्त्याच्या नावात मात्र 'चार'!

समजा, चार मजली इमारतीत गच्चीच्या किल्लीवर 'चौथा मजला' अशी चिठ्ठी आहे. पाचवा मजला चढला, चिठ्ठी तशीच राहिली. नवा पाहुणा किल्ली घेऊन चौथ्या मजल्यावरच दार शोधत बसेल. जुन्या रहिवाशांना काही अडचण नाही, त्यांना पाठ असते!

२०१७ मध्ये किरिल शुतेमोव या प्रोग्रॅमरने हे नाव बदलून 'इनिट टॉप पीजीटी' केले. 'टॉप' म्हणजे सर्वांत वरचा. पातळ्या चार असोत वा पाच, हे नाव खरेच राहते. या बदलात त्यांनी फक्त नावे बदलली, कामाला हात लावला नाही. मला हे फार आवडते; दोन्ही एकदम बदलले असते, तर पुढे चूक निघाल्यावर ती कशामुळे झाली हे शोधणे अवघड झाले असते.

तरीही एक गोष्ट अडली. बंद पडलेल्या लिनक्सची तपासणी करणारे 'क्रॅश' नावाचे साधन आहे. ते हा तक्ता जुन्या नावानेच शोधत असे. नव्या लिनक्सवर त्याला ते नाव सापडेना, आणि ते सुरूच होईना. शेवटी त्यालाही नवे नाव शिकवावे लागले. जुने नावही ठेवावे लागले, कारण जुने लिनक्स चालवणारे संगणक अजून होतेच.