गाडीचं कर्ज आणि सिबिल

मावसभाऊ गाडी बघायला गेला. शोरूमवाल्याने "दादा, कमी व्याज मिळेल तिथे करू" म्हणत त्याचे कागद एकदम चार बँकांना धाडले. चौकशीचे मेसेज येऊ लागले तसा त्याने मला फोन केला.

स्वतःचा सिबिल स्कोअर कितीदाही बघा, तो घसरत नाही. कर्जाच्या अर्जावर बँक करते ती चौकशी मात्र रिपोर्टात नोंदली जाते. एखाददुसरीने फारसं बिघडत नाही. ओळीने चार-पाच दिसल्या, की 'याला पैशांची फारच नड दिसते' अशी शंका पुढच्या बँकेला येते.

म्हणून दर आधी तोंडी विचारा, शक्यतो पगाराच्या बँकेपासून. अर्ज एक-दोन ठिकाणीच.

सिबिलसह चारही क्रेडिट ब्युरो वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तो आधी तपासा.