जीवनमानाच्या गुणवत्तेचे मोजमाप : बांगलादेश व पाकिस्तान यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

दोन विकसनशील देशांतील जीवनमानाची तुलना करताना सर्वसाधारणपणे दरडोई उत्पन्नाचे आकडे शेजारी शेजारी मांडले जातात आणि ज्याचे उत्पन्न अधिक, तेथील जीवन अधिक चांगले असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, हे तपासण्यासाठी बांगलादेश व पाकिस्तान ही जोडी विशेष उपयुक्त आहे. १९७१ पर्यंत हे एकाच राष्ट्राचे दोन भाग होते; चलन, कायदा आणि नोकरशाही एकच होती. विभक्त होताना पूर्वेकडील भाग अधिक गरीब होता. त्यातच नोव्हेंबर १९७० चे चक्रीवादळ, १९७१ चे युद्ध व १९७४ चा दुष्काळ अशी संकटे पाठोपाठ कोसळली. त्या काळात या नव्या देशाविषयी आशावादी भाकीत करणारे अर्थतज्ज्ञ विरळाच होते.

मोजमापाची साधने :

केवळ उत्पन्नावर विसंबू नये, या विचारातून मॉरिस डी. मॉरिस यांनी १९७९ मध्ये भौतिक जीवनमान गुणवत्ता निर्देशांक मांडला. अर्भक मृत्युदर, वयाच्या पहिल्या वर्षीचे अपेक्षित आयुर्मान व साक्षरता हे त्याचे तीन घटक होत. १९९० पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा मानव विकास निर्देशांक रूढ झाला. आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न यांचा त्यात विचार होतो. २०१० पासून या तिन्हींचा भूमितीय मध्य घेतला जातो. त्यामुळे एका घटकातील उणीव दुसऱ्या घटकातील आधिक्याने सहज झाकली जात नाही.

२०२५ च्या अहवालात, २०२३ च्या आकडेवारीनुसार, बांगलादेशाचा निर्देशांक ०.६८५ व क्रमांक १३० वा आहे (भारतही त्याच क्रमांकावर आहे, याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही). पाकिस्तानचा निर्देशांक ०.५४४ व क्रमांक १६८ वा असून तो देश निम्न मानव विकास गटात मोडतो. आयुर्मान अनुक्रमे ७४.७ व ६७.६ वर्षे आहे. ज्यांच्या पुढाकाराने हा निर्देशांक सिद्ध झाला ते महबूब उल हक पाकिस्तानचेच माजी अर्थमंत्री होते, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

उत्पन्नाआधी आयुर्मान :

येथे कालक्रम महत्त्वाचा आहे. बांगलादेशाने दरडोई उत्पन्नात पाकिस्तानला मागे टाकले ते २०१० नंतरच्या दशकात. आयुर्मानात मात्र १९९० च्या दशकातच. अर्थात, तुलनेने गरीब असतानाच तेथील लोक अधिक जगू लागले होते. ही आघाडी श्रीमंतीतून आलेली नव्हती, हे यावरून उघड होते.

अतिसारावरील उपचाराचे उदाहरण बोलके आहे. ढाक्यातील कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९६८ मध्ये तोंडावाटे द्यावयाच्या क्षार-शर्करा द्रावणाची उपयुक्तता दाखवून दिली. तेव्हा ढाका पाकिस्तानातच होते. म्हणजे ज्ञान दोन्ही भागांना सारखेच उपलब्ध होते. फरक पडला तो ते घरोघरी नेण्यात. फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेच्या महिला कार्यकर्त्यांनी १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरांत जाऊन मातांना द्रावण तयार करण्यास शिकविले : तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतके मीठ, मूठभर गूळ आणि सुमारे अर्धा लिटर पाणी. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे केली यावर नव्हे, तर नंतरच्या तपासणीत मातांना किती आठवते यावर ठरत असे. योजनांच्या ‘लाभार्थी संख्ये’त रमणाऱ्या प्रशासनाने हा एक नियम तरी अभ्यासावा.

कुटुंबनियोजनाचाही मार्ग तोच होता. १९७१ मध्ये दोन्हीकडे एकूण जननदर सहाहून अधिक होता. बांगलादेशात महिला कार्यकर्त्या साधने घेऊन उंबरठ्यापर्यंत गेल्या. आज तो दर दोनच्या आसपास आहे, तर पाकिस्तानात साडेतीनच्या आसपास. १९९४ मध्ये बांगलादेशाने ग्रामीण मुलींसाठी माध्यमिक शिक्षणाची विद्यावेतन योजना देशभर लागू केली. त्याच वर्षी पाकिस्ताननेही महिला आरोग्य सेविकांचा कार्यक्रम सुरू केला व तो उपयुक्तही ठरला. परंतु डिसेंबर २०१२ पासून तेथे पोलिओ लसीकरण करणाऱ्या सेविकांवरच प्राणघातक हल्ले होऊ लागले. स्त्री निर्धास्तपणे घराबाहेर पडू शकते की नाही, हा घटक वरील दोन्ही निर्देशांकांत नाही. या दोन देशांतील अंतर मात्र बऱ्याच अंशी त्यातच दडलेले दिसते.

निर्देशांकाबाहेरचे वास्तव :

तथापि बांगलादेशाच्या आकड्यांकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. तेथे आजही सुमारे निम्म्या मुलींचे विवाह अठराव्या वर्षापूर्वी होतात. एप्रिल २०१३ मध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य तयार कपड्यांच्या कारखान्यांतील स्त्रिया होत्या. त्यांची मजुरी उत्पन्नाच्या रकान्यात नोंदली गेली होती, कामाच्या जागेची असुरक्षितता कोठेच नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. तळ्यांचे दूषित पाणी टाळावे म्हणून १९७० च्या दशकापासून गावोगावी नलिकाकूप खोदले गेले. १९९० च्या दशकात ग्रामीण भागातील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना सुरक्षित पाणी मिळते, अशी नोंद झाली होती. त्याच दशकात, १९९३ मध्ये, या पाण्यात आर्सेनिक आढळले. पुढे कूपांची तपासणी करून सुरक्षित कूपांना हिरवा व विषारी कूपांना लाल रंग देण्यात आला. परंतु जवळ दुसरा कूप नसलेल्या घरांनी लाल कूपाचे पाणी भरणे सोडले नाही. आर्सेनिकमुळे होणारा कर्करोग प्रकट होण्यास अनेकदा वीस-तीस वर्षे लागतात. तोवर आयुर्मानाचा आकडा वाढतच राहतो.