लांब टिपणांतील वाटा

संगणकाच्या एखाद्या प्रकल्पाची माहितीपुस्तिका आरंभीं चार परिच्छेदांची असते. पुढें ती शंभर मथळ्यांची होते आणि नवागत वाचक पहिल्याच पडद्यावर थकतो. छापील ग्रंथांतील अनुक्रमणिका पृष्ठांक दाखविते. येथें पृष्ठेंच नसतात. म्हणून मथळ्यालाच पत्ता द्यावा लागतो. जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्कडाउन लेखनपद्धतींत ओळीच्या आरंभीं हॅशचें चिन्ह घातलें कीं मथळा होतो. गिटहब हें संकेतस्थळ त्या मथळ्याच्या शब्दांतूनच पत्ता बनवितें, आणि अनुक्रमणिकेंतील दुवा त्या पत्त्यावर नेतो.

गोम येथेंच आहे. कोणी शुद्धलेखनाच्या हौसेनें मथळ्यांतील एक शब्द बदलला कीं पत्ता बदलतो. जुना दुवा मग कोठेंच नेत नाहीं, आणि तक्रारही करीत नाहीं. ‘उदाहरण’ हा मथळा दोनदां आला तर दुसऱ्याच्या पत्त्याला एकाचा अंक जोडला जातो. मध्यें तिसरें ‘उदाहरण’ घुसलें कीं अंक सरकतात व वाचक भलत्याच जागीं पोंचतो. हें अधिक वाईट, कारण आपण चुकलों हें त्याला कळतही नाहीं.

२०२१ सालापासून गिटहब मथळ्यांची यादी आपण होऊन करूं लागलें. पण मथळेच ‘इतर’, ‘आणखी कांहीं’ असे असल्यास यादी बिचारी काय करणार? ‘परवलीचा शब्द विसरल्यास’ हा मथळा मात्र अडलेल्याला तत्काळ सांपडतो.