मधली पायरी

घरातले कायदे : भाग सहावा

पेस्ट कंट्रोलचा परवाना कोण देतं आणि कुणाला देतं, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. थोडी उजळणी करू. परवाना कृषी खातं देतं, महापालिका नव्हे. अर्जदार कृषी पदवीधर असावा लागतो, नाहीतर रसायनशास्त्र विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळवलेला. शिवाय म्हैसूर, हैदराबाद किंवा हापूड इथल्या ठरावीक सरकारी संस्थांपैकी एकीत किमान 15 दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला. एवढं करून परवाना मिळवलेल्या व्यावसायिकाने नियम मोडला तर पुढे काय होतं, हे आज पाहायचं आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूरमध्ये एका कुटुंबाने उंदरांच्या त्रासामुळे पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. कामगार आले, घरात ठिकठिकाणी औषध ठेवून गेले. रात्री घरातली माणसं एसी लावून, दारं-खिडक्या बंद करून झोपली. त्या घरातली दोन्ही लहान मुलं दगावली, आईवडिलांना रुग्णालयात न्यावं लागलं. पोलिसांनी कंपनीच्या माणसांना अटक केली आणि तामिळनाडूच्या कृषी खात्याने त्या कंपनीचा परवाना रद्द केला. शेवटचं वाक्य मला सर्वांत अस्वस्थ करतं. रद्द करायला परवाना होता, म्हणजे ही कंपनी कृषी खात्याच्या दप्तरी नोंदलेली होती.

परवाना रद्द करण्याचा अधिकार कीटकनाशक कायदा, 1968 च्या कलम 14 मधून येतो. कारणं दोन. परवाना खोटी माहिती देऊन मिळवला असेल, किंवा परवान्याच्या अटींचा, कायद्याचा अथवा नियमांचा भंग झाला असेल, तर परवाना अधिकारी आधी कारणे दाखवा नोटीस देतो, म्हणणं ऐकून घेतो आणि मग परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतो. निर्णय मान्य नसेल तर कलम 15 नुसार 30 दिवसांत अपील. कागदावर हे नीटनेटकं आहे.

हा कायदाच मुळात एका मोठ्या विषबाधेतून जन्मला. 1958 मध्ये केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत अन्नधान्यात मिसळलं आणि शंभरावर माणसं मेली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली. कायदा व्हायला पुढे दहा वर्षं लागली, आणि तो झाला तो शेती, कारखाने, गोदामं आणि दुकानं डोळ्यांसमोर ठेवून. शहरातल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात फवारणी करणारा माणूस त्याच कायद्याच्या कक्षेत बसवलेला आहे, पण त्याच्यावर नजर ठेवणारी यंत्रणा शेतीचीच राहिली. महाराष्ट्रात गुणनियंत्रणाचं काम करणारे निरीक्षक बियाणं, खतं आणि कीटकनाशकं या तिन्हींच्या तपासणीत गुंतलेले असतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, तेव्हा हे काम किती गंभीर आहे ते साऱ्या राज्याला कळलं. खरिपाच्या तोंडावर त्या निरीक्षकाने बोगस बियाणं सोडून कोथरूडच्या किंवा कल्याणच्या सोसायटीत शिरावं, अशी अपेक्षा करताना मलाही जड जातं.

खरी अडचण मात्र माणसांच्या संख्येपलीकडची आहे. नियमभंग लहान असेल तर अधिकाऱ्याच्या हातात काय आहे? समजा कामगाराला हातमोजे दिले नाहीत, लेबलावर लिहिल्यापेक्षा औषध जास्त मारलं, ग्राहकाला घर किती वेळ रिकामं ठेवायचं ते सांगितलं नाही. एवढ्यावर परवाना रद्द करणं म्हणजे धंदा बंद पाडणं. अपिलात तो निर्णय टिकेलच असं नाही. दंड करायचा तर अधिकारी जागेवर करू शकत नाही, तो न्यायालयाने करायचा. खटला भरायला राज्य सरकारची किंवा सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीची लेखी संमती लागते. 2000 च्या दुरुस्तीनुसार गंभीर गुन्ह्यांना पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 10 हजार ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हातमोज्यांसाठी इतका लांबचा रस्ता कोण धरणार? निलंबन हा मधला मार्ग आहे, पण त्यालाही नोटीस, सुनावणी, आदेश हे सगळं आलंच. मग लहान चुका सुटतात, आणि त्याच चुका एखाद्या बंद खोलीत जीव घेतात.

कॅलिफोर्नियात या धंद्यासाठी 1935 पासून वेगळं मंडळ आहे: स्ट्रक्चरल पेस्ट कंट्रोल बोर्ड. धुरी देणं, घरातले सामान्य कीटक आणि वाळवी अशा तीन शाखांचे परवाने वेगवेगळे. तिथेही प्रत्यक्ष तपासणी बऱ्याच अंशी जिल्ह्याचे कृषी आयुक्तच करतात, हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण दोष शेती खात्याकडे काम असण्यात नाही. फरक अधिकारांत आहे. तिथला आयुक्त एखाद्या कंपनीला आपल्या जिल्ह्यात तीन कामकाजाच्या दिवसांपर्यंत काम करायला मनाई करू शकतो, 5 हजार डॉलरपर्यंत प्रशासकीय दंड लावू शकतो, किंवा चुकलेल्या माणसाला पुन्हा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यायला लावू शकतो. परवाना काढून घेणं ही शिडीची शेवटची पायरी. आपल्याकडे खालच्या पायऱ्याच बसवलेल्या नाहीत.

तिथेही सगळं आलबेल नाही. मेथिल ब्रोमाइड या वायूचा घरात वापर अमेरिकेत 1984 पासून बंद आहे. तरीही मार्च 2015 मध्ये यूएस व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट जॉन बेटावर टर्मिनिक्स या मोठ्या कंपनीने एका सुट्टीच्या निवासात तो वापरला. वरच्या मजल्यावर डेलावेअरहून आलेलं चौघांचं कुटुंब राहत होतं. आईवडील आणि दोन्ही किशोरवयीन मुलगे गंभीर आजारी पडले. चौकशीत निघालं की त्याआधीही बेटांवरच्या इतर निवासी जागांत हाच वायू वापरला गेला होता. म्हणजे पहिल्या वेळीच कुणी हटकलं असतं तर हे कुटुंब वाचलं असतं. कंपनीने गुन्हा कबूल केला, सुमारे एक कोटी डॉलर मोजले, आणि वायू सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला एक वर्षाची कैद झाली.

कर्मचाऱ्याचा मुद्दा आपल्याकडे जास्त टोचणारा आहे. फवारणीला येणारा मुलगा बहुधा विशीतला, रोजंदारीवरचा. परवाना त्याच्या मालकाच्या नावावर. ते 15 दिवसांचं प्रशिक्षण मालकाने किंवा त्याने नेमलेल्या कुणी घेतलेलं. दुर्घटना घडली की पोलिसांच्या हाती पहिल्यांदा लागतो तो हा मुलगा. पण 1971 च्या कीटकनाशक नियमांत पेस्ट कंट्रोल ऑपरेटर या व्याख्येत काम करणाऱ्याबरोबर तो ज्याच्या नियंत्रणाखाली काम करतो ती व्यक्ती, फर्म किंवा कंपनीही येते. कायद्याचं कलम 33 कंपनीचा कारभार पाहणाऱ्यालाही गुन्ह्यात जबाबदार धरतं. कामगारांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनाची साधनं, प्रथमोपचार, प्रशिक्षण, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट, या सगळ्यांवर नियम आहेत. विषाच्या सर्वांत जवळ उभा असलेला तोच, आणि त्याच्या नाकावर साधा रुमाल असतो. मालकाला सोडून त्याला पकडणं हा कायदा पाळणं नव्हे.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडबद्दल थांबून लिहायला हवं. धान्यात टाकायच्या गोळ्या म्हणून लोक ओळखतात त्या ह्याच. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याने साधारण एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि फटींतून, डक्टमधून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर उतारा नाही. म्हणूनच भारतात या गोळ्यांचा वापर निर्बंधित आहे: विक्री फक्त सरकारी संस्थांना आणि पेस्ट कंट्रोल ऑपरेटरना, वापर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्या तर 2001 पासून पूर्ण बंद आहेत. राहत्या घरात कुणी ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी या गोळ्या ठेवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. किंमत विचारत बसू नका.

तक्रार करायची तर पुराव्याशिवाय कलम 14 चालत नाही, आणि इथे बहुतेक प्रकरणं संपतात. पाचशे-हजार रुपये रोख दिलेले, बिल नाही, औषधाचं नाव माहीत नाही, डबा कामगार घेऊन गेलेला. अधिकाऱ्याने नोटीस काढायची तर कशाच्या आधारावर? म्हणून काम सुरू होण्याआधी परवान्याची प्रत मागा आणि तीवरचा पत्ता व मुदत पाहा. डब्याच्या लेबलाचा फोटो काढा. त्यावरच्या त्रिकोणाचा रंग दिसला पाहिजे, कारण लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. बिलावर औषधाचं नाव लिहून घ्या. सोसायटीच्या सचिवांनी या तिन्हींची नोंद एका वहीत ठेवली तर वरच्या-खालच्या घरांनाही आदल्या दिवशी कळवता येईल.

कुणाला त्रास झालाच तर डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, पोलिसांत तक्रार द्या, पण तिथे थांबू नका. पोलीस परवाना रद्द करू शकत नाहीत. त्याच तक्रारीची प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि अर्जात कलम 14 नुसार कारवाईची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा. परवाना अधिकारी कुणी कळवल्यावरून किंवा अन्य मार्गाने खात्री पटल्यावर कारवाई करू शकतो, असं त्या कलमातच आहे. त्यामुळे अर्ज करणारा भाडेकरू असो, शेजारी असो की फवारणी करणारा कामगार स्वतः असो, त्याच्या माहितीवरून अधिकारी कारवाई करू शकतो.