बुलढाण्यातून नॅनोत पीएच.डी.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांचे गुणधर्म वेगळेच असतात. नेहमीचे सोने पिवळे, पण पाण्यात विखुरलेले त्याचे नॅनोकण लाल दिसतात.

बुलढाणा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. नॅनोवरचे संशोधन बहुधा भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या नावाखालीच होते, म्हणून पदवीच्या नावावर अडून बसू नये. मार्गदर्शक काय करतो ते पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान 3 वर्षे, कमाल 6 वर्षे, सुरुवातीचे कोर्सवर्क त्यातच. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये. 2023पासूनचा हा दर. जेआरएफ नसेल, तर घरखर्चाचे गणित आधी मांडलेले बरे.

झिंक ऑक्साइडचे नॅनोकण साध्या प्रयोगशाळेतही बनतात. खरी अडचण ते ‘पाहण्याची’. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाहीत, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच 400 ते 700 नॅनोमीटर असते. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो महागडा. म्हणून नमुने आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’सारख्या केंद्राकडे पाठवतात, तिथे बाहेरच्या संशोधकांनाही शुल्क भरून तपासणी करून मिळते. मार्गदर्शकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: नमुने कुठे तपासता, आणि पैसे कोण भरतो?